“उशिरा झोपतो” म्हणजे नेमकं कधी? एका नर्सच्या इंग्रजीचं प्रकरण

ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट ही परदेशात काम करू पाहणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या नर्सेस तिला नुसतं ‘ओईटी’ म्हणतात. त्या परीक्षेत बोलण्याचा भाग दोन रोलप्लेंचा असतो. प्रसंगाचं कार्ड हातात आलं की तीन मिनिटं तयारीला, मग साधारण पाच मिनिटं समोरच्या ‘पेशंट’शी बोलायचं. ‘इथे तुमचं वैद्यकीय ज्ञान तपासत नाहीत’ असं प्रत्येक क्लासमध्ये सांगतात आणि ते खरंही आहे. पण पेशंट काय म्हणाला ते कळलं का आणि पुढचा प्रश्न त्याच्या बोलण्याला धरून आला का, हे मात्र नीट तपासतात. पुष्कळ जणींची गाडी तिथेच अडते, आणि त्यांना वाटत राहतं की आपलं व्याकरण कच्चं आहे.

ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना मी सिस्टरच म्हणते. हॉस्पिटलात सगळे तीच हाक मारतात, आणि नाव सांगायचं कारणही नाही. मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या, दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, मग पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डात नोकरी. त्यांना जायचं होतं ब्रिटनला. तिथे नर्सेसची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला ओईटीत ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत ३५० म्हणजे ‘बी’ लागतो. लिहिण्यात ३०० म्हणजे ‘सी प्लस’ चालतो. सिस्टरना बोलण्यात ३४० मिळाले होते, बाकी सगळं पार. इंग्रजी बोलताना त्या अडखळत नाहीत. इन्सोम्निया, स्लीप अ‍ॅप्निया, सिडेशन, मेलाटोनिन हे शब्द त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. त्यामुळे गाडी नेमकी कुठे अडते ते सापडायला वेळ गेला. सापडलं ते झोपेच्या एका सराव-कार्डावर.

कार्डावरचे गृहस्थ

कार्ड साधंच होतं. साठीतले गृहस्थ, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घरी आल्यापासून झोप नाही, झोपेची गोळी लिहून द्या म्हणून मागे लागलेत. नर्सने झोपेचं सगळं विचारून घ्यायचं, सवयींबद्दल सल्ला द्यायचा आणि गोळीच्या हट्टातून त्यांना हळूच बाहेर काढायचं. पेशंट मी झाले होते.

सिस्टरनी विचारलं, “व्हॉट टाइम डू यू स्लीप?”

मी म्हटलं, “वेल, आय गो टू बेड अ‍ॅट टेन, बट आय डोन्ट ड्रॉप ऑफ टिल गॉन वन.”

त्यांनी कागदावर १० लिहिलं. “सो यू आर स्लीपिंग अ‍ॅट टेन. गुड. अँड मॉर्निंग?”

“आय अ‍ॅम वाइड अवेक बाय फोर.”

“ओके. गेटिंग अप अर्ली इज अ गुड हॅबिट.”

आणि शेवटी सल्ला: “यू शुड स्लीप अर्ली.”

आता हिशेब करा. पेशंट सांगतोय की दहाला आडवा होतो, एक वाजून गेल्यावर डोळा लागतो आणि चारला टक्क जागा. म्हणजे जेमतेम तीन तास झोप. सिस्टरच्या कागदावर झाली सहा तास, वर पहाटे उठण्याबद्दल शाबासकी. आणि सल्ला असा, की दहाला पडूनही झोप न लागणाऱ्या माणसाने आणखी लवकर पडावं.

हा सल्ला नुसता भाषेपुरता चुकलेला नाही. निद्रानाशाच्या उपचारात त्याच्या नेमकं उलट सांगतात. रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली आणि आजही निद्रानाशाच्या वर्तन-उपचारात पायाभूत असलेली पद्धत सांगते, की पेंग येईल तेव्हाच अंथरुणात जा. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जा. उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा. अंथरुणात तास न् तास जागं पडून राहिलं की अंथरूण आणि जागरण यांचीच गाठ पक्की होत जाते. सिस्टरना हे माहीत होतं. त्यांच्या कागदावरच्या आकड्यांत मात्र या पेशंटला निद्रानाश उरलाच नव्हता.

मराठीत हे कधी झालं नसतं

सिस्टरना मी म्हटलं, तुमच्या वॉर्डातल्या एखाद्या आजींना हेच विचारा. “आजी, रात्री झोप लागते का?” आजी काय म्हणतील? “पडते गं दहाला, पण डोळा कुठं लागतोय. कुशी बदलते नुसती. एकच्या पुढं जरा झापड येती, की चारला जाग.” हे ऐकून कागदावर कुणी ‘१० ते ४ झोप’ लिहील का?

त्या हसल्या. “मॅडम, मराठीत कळतंच की.”

मराठीत कळतं, कारण आजी ‘झोपणे’ हे क्रियापद वापरतच नाहीत. पडणे, आडवं होणे, पाठ टेकणे हे एक, डोळा लागणे, झोप लागणे हे दुसरं, जाग येणे तिसरं, उठणे चौथं. घोळ सुरू होतो तो आपण इंग्रजीत बोलायला लागलो की. डोक्यात सगळं गोळा होऊन ‘झोपणे’ होतं आणि त्यापुढे डिक्शनरीतला एकच शब्द उभा राहतो: स्लीप. दहाला झोपतो, टेनला स्लीप. मग ‘गो टू बेड’ आणि ‘फॉल अस्लीप’ ऐकू आले तरी दोन्ही त्याच एका खणात जातात. ‘ड्रॉप ऑफ’ हा डोळा लागण्याला घरगुती शब्द. ‘गॉन वन’ म्हणजे एक वाजून गेल्यावर, ही ब्रिटिशांची रोजची बोली. हे दोन्ही सिस्टरच्या कानावरून गेले. ‘हिट द हे’ आणि ‘हिट द सॅक’ मात्र पाठ होते, कारण मोबाइलवरच्या शब्दयाद्यांत झोपेखाली पहिल्यांदा तेच असतात. मला या याद्यांचा मनापासून राग आहे. बावीस वाक्प्रचार एका चित्राखाली, आणि कुठला कोण कधी बोलतं याचा पत्ता नाही.

त्यांच्या लिहिण्यातही हीच गाठ निघाली, फक्त तिथे ती झाकून गेली होती. एका सरावपत्रात वाक्य होतं: ‘द पेशंट स्लीप्स लेट.’ आपण सगळे असंच लिहितो. पुण्यातली डॉक्टर हे वाचून समजेल की माणूस रात्री एक-दीडला झोपतो. ब्रिटनमधली डॉक्टर समजेल की हा सकाळी दहापर्यंत लोळतो, कारण तिथे ‘स्लीप लेट’ म्हणजे उशिरापर्यंत झोपणे. एकच वाक्य आणि रात्रीची दोन टोकं. भारतात आपसात बोलताना ‘स्लीप लेट’ला मी चूक म्हणत नाही, कोट्यवधी लोकांचा वापर आहे तो. पण पत्र जाणार आहे दुसऱ्या वाचकाकडे. तिथे ‘गोज टू बेड लेट’ किंवा ‘डज नॉट फॉल अस्लीप अंटिल वन’ असंच लिहायला हवं.

घड्याळाचंही तसंच. सिस्टर म्हणायच्या, ‘टू ओ’क्लॉक अ‍ॅट नाइट.’ इंग्रजीत बारा वाजून गेले की सकाळच: ‘टू इन द मॉर्निंग’. आपल्याकडे मध्यरात्र, उत्तररात्र, पहाट, झुंजुमुंजु, मग कुठे सकाळ. एवढ्या पायऱ्यांची सवय असलेल्या माणसाला रात्री दोनला मॉर्निंग म्हणणं जीवावर येतं. हॉस्पिटलात चोवीस तासांचं घड्याळ असतं म्हणून नोंदीत निभावतं. पेशंटशी बोलताना निभावत नाही.

रात्र आडवी मांडून

निदान झालं, आता उपाय काय? मी शब्दांची यादी दिली नाही. झोपेच्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये एकमताने ठरवलेली एक प्रमाणित झोप-डायरी आहे. तिचे प्रश्न एका रात्रीच्या क्रमानेच जातात. अंथरुणात कधी गेलात, झोपायचा प्रयत्न कधी सुरू केलात, डोळा लागायला किती वेळ लागला, मधे किती वेळा जाग आली, त्या जागेपणी एकूण किती वेळ गेला, शेवटची जाग कधी, आणि अंथरुणातून बाहेर कधी पडलात. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे: गेट इंटू बेड, ट्राय टू गो टू स्लीप, फॉल अस्लीप, वेक अप, गेट आउट ऑफ बेड. ज्यांनी प्रश्न लिहिले त्यांना मिनिटं मोजायची होती, म्हणून शब्द एकमेकांत मिसळून चालणारच नव्हतं. भाषा शिकवणाऱ्यासाठी याहून तयार साहित्य मिळणार नाही.

कागद आडवा धरून एक रेघ मारली, डावीकडे रात्रीचे नऊ, उजवीकडे सकाळचे नऊ. प्रत्येक प्रश्नाची खूण रेघेवर जिथे पडते तिथे वर मराठी, खाली इंग्रजी. ‘पाठ टेकणे’च्या खाली ‘लाय डाउन’, ‘डोळा लागणे’च्या खाली ‘फॉल अस्लीप’ आणि ‘ड्रॉप ऑफ’, ‘कुशी बदलणे’खाली ‘टॉस अँड टर्न’. ‘झोपणे’ हा शब्द रेघेवर लिहायला मी मनाई केली. त्याला खूण पाडायला एक जागाच नाही, तो निम्म्या रेघेवर पसरतो.

सिस्टरनी लगेच मुद्द्याची अडचण काढली. “मॅडम, माझी रात्र नऊला सुरूच होत नाही.”

बरोबर होतं. त्यांच्याकडे मॉर्निंग आणि इव्हिनिंग सहा-सहा तासांची, नाइट सलग बारा तासांची: रात्री आठ ते सकाळी आठ. म्हणून दुसरी रेघ मारली, सकाळी आठपासून संध्याकाळी आठपर्यंत, आणि नाइटच्या आठवड्याची डायरी त्यांनी स्वतःचीच भरली. एक नोंद इथे देते, कारण शिकणं झालं ते या असल्या नोंदींतच.

पहिला खर्डा असा: ‘आय स्लेप्ट अ‍ॅट नाइन फॉर्टी. स्लीप केम अ‍ॅट टेन थर्टी. माय स्लीप ब्रोक अ‍ॅट ट्वेल्व्ह ड्यू टू कुकर. अगेन स्लेप्ट. गॉट अप अ‍ॅट थ्री बट नॉट गॉट अप, जस्ट लाइंग.’

शेवटचं वाक्य मला फार आवडलं. जाग येणे आणि उठणे यांतला फरक त्यांना सांगायचा आहे, शब्द एकच हातात आहे, म्हणून ‘उठले पण उठले नाही’. मराठीतही आपण ‘पाचला उठले’ म्हणतो तेव्हा डोळे उघडले की पाय जमिनीला लागले हे ऐकणाऱ्यावरच सोडतो. आम्ही खर्डा रेघेवर नेला आणि वाक्यं अशी झाली: ‘आय गॉट इंटू बेड अ‍ॅट नाइन फॉर्टी अँड फेल अस्लीप अराउंड टेन थर्टी. द प्रेशर कुकर वोक मी अ‍ॅट ट्वेल्व्ह. आय ड्रॉप्ड ऑफ अगेन. आय वोक अप अ‍ॅट थ्री बट डिडन्ट गेट अप.’ ‘झोप मोडली’चं ‘स्लीप ब्रोक’ इंग्रजीत चालत नाही, पण ‘ब्रोकन स्लीप’ चालतं, आणि रेफरल पत्रात तर शोभतं. ‘पुअर स्लीप’ किंवा ‘ब्रोकन स्लीप’ लिहून पुढे आकडा द्या: कितीदा जाग, किती वेळ.

नाइट ड्युटीच्या डायरीतून आणखी एक गोष्ट निघाली, जी माझ्या योजनेत नव्हती. आपल्याकडे गोळीपुढे ‘एचएस’ लिहितात, लॅटिन ‘होरा सोम्नी’, झोपायच्या वेळी. ब्रिटनमध्ये केसपेपरवर ‘नॉक्टे’ दिसतं, म्हणजे रात्री. एरवी दोन्हींचा अर्थ एकच धरला तर बिघडत नाही. पण पेशंट स्वतः रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड असेल तर? त्याचा ‘बेडटाइम’ सकाळी दहाला आणि ‘नाइट’ कामावर. गुंगी आणणारी गोळी त्याने ‘अ‍ॅट नाइट’ घेतली तर गेटवरच कलंडेल. पेशंटला समजावताना लॅटिन सोडून थेट विचारायचं: ‘व्हेन डू यू युज्वली गो टू बेड?’ हा प्रश्न सिस्टरनी पुढे प्रत्येक रोलप्लेमध्ये वापरला.

थकवा, पेंग, गुंगी

रेघेवर वेळा बसल्या. आता त्या वेळांना माणसाला कसं वाटतं, ते शब्द. इथे सिस्टर सगळ्यालाच ‘टायर्ड’ म्हणत.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलात मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली, एपवर्थ स्लीपीनेस स्केल. आठ प्रसंग, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, एकूण चोवीस. दहाच्या वर गेलं की दिवसाची झोप प्रमाणाबाहेर मानतात. प्रसंग अगदी रोजचे: बसून वाचताना, टीव्ही बघताना, तासभर गाडीत नुसतं बसून जाताना, कुणाशी बोलत बसलेलं असताना. एक प्रसंग आहे, दारू न घेता केलेल्या दुपारच्या जेवणानंतर शांत बसलेलं असताना. सिस्टर म्हणाल्या, आमच्या वॉर्डातल्या काकूंना हा प्रश्न विचारला तर त्या रागावतील.

या प्रश्नावलीच्या पहिल्याच सूचनेत हवा असलेला धडा आहे. तुम्हाला डुलकी लागण्याची शक्यता किती ते सांगा, नुसतं थकल्यासारखं वाटणं वेगळं, असं तिथे बजावलेलं आहे. डुलकीला शब्द ‘डोझ’. म्हणजे ‘टायर्ड’ आणि ‘स्लीपी’ या वेगळ्या तक्रारी आहेत. मॅरेथॉन पळून आलेला माणूस टायर्ड असेल, स्लीपी नसेल. निद्रानाशाचे पेशंट बहुधा टायर्ड असतात आणि अंथरुणावर पडले की डोळे टक्क. उलट झोपेत श्वास अडकणारा, घोरणारा पेशंट सिग्नलला गाडी उभी असताना पेंगतो. मराठीत थकवा आणि पेंग कुणी एक करत नाही. इंग्रजीत मात्र दोन्हींवर ‘टायर्ड’चा शिक्का बसतो आणि पत्र वाचणाऱ्याला दोन निराळे आजार एकसारखे दिसतात. बुटझिन यांचा नियमही इंग्रजीत सांगताना याच शब्दावर उभा आहे: गो टू बेड ओन्ली व्हेन यू आर स्लीपी. तिथे ‘टायर्ड’ म्हटलं की सल्ला फुकट, कारण तो पेशंट दिवसभर टायर्डच असतो.

तिसरा शब्द ‘ड्राउझी’. औषधाच्या वेष्टनावर तो दिसतो आणि त्याला गुंगी हा चोख शब्द आहे. ब्रिटनमध्ये लेबलवरून ‘ड्राउझीनेस’ काढून सोप्या भाषेत ‘हे औषध घेतल्यावर तुम्हाला झोप येऊ शकते’ अशा अर्थाचं वाक्य आणलं, म्हणजे पेशंटशी बोलताना ‘स्लीपी’ चालतंच. पण वॉर्डातल्या हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या नर्सला माहिती देताना, ‘पेशंट इज ड्राउझी’ म्हटलं की ऐकणारी सावध होते. मॉर्फिन चालू असलेला पेशंट ड्राउझी झाला तर श्वास मंदावण्याची ती पहिली सूचना असू शकते. शांत झोपलेल्या पेशंटला ‘ड्राउझी’ म्हणणं जितकं वाईट, तितकंच गुंगीत गेलेल्याला ‘स्लीपिंग वेल’ म्हणणं. सिस्टरना हे समजवावं लागलं नाही; कॅज्युअल्टीत काम केलेल्या बाईला गुंगी म्हणजे काय ते सांगायचं? मी फक्त ओळखीच्या गोष्टीपुढे योग्य शब्द ठेवला.

बाकीचे शब्द झरझर झाले. ‘नॅप’ ठरवून, ‘डोझ’ नकळत, ‘नॉड ऑफ’ मान टाकून. ‘ओव्हरस्लीप’ गजर चुकल्यावर, ‘लाय-इन’ रविवारी हौसेने. ‘अस्लीप’ नामाच्या आधी येत नाही: ‘अ‍ॅन अस्लीप पेशंट’ नाही, ‘अ स्लीपिंग पेशंट’. ‘फास्ट अस्लीप’वर थोडं थांबावं लागलं, कारण सिस्टर त्याचा अर्थ ‘पटकन झोप लागली’ असा घेत होत्या. तिथला ‘फास्ट’ म्हणजे घट्ट, गाढ झोपेत. साखरझोपेला इंग्रजी शब्द मागितला त्यांनी. नाही, आणि परीक्षेत लागणारही नाही.

आतलं घड्याळ

ओईटीच्या वाचनात आरोग्यसेवेचे उतारे असतात आणि रात्रपाळीचा विषय त्यात शोभून दिसतो, म्हणून शरीराच्या दिवसरात्रीच्या लयीला लावतात तो ‘सर्केडियन’ हा शब्द घेतला. हा शब्द फ्रान्झ हालबर्ग यांनी १९५९ मध्ये घडवला, लॅटिन ‘सर्का’ म्हणजे सुमारे आणि ‘दिएस’ म्हणजे दिवस यांतून. त्यातला ‘सुमारे’ महत्त्वाचा. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी चोवीस तासांहून किंचित जास्त चालतं आणि रोज सकाळच्या उजेडाने ते जुळवून घ्यावं लागतं. गोष्ट त्याहून जुनी आहे. १७२९ मध्ये द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचं झाड अंधारात ठेवलं तरी त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत, असं नोंदवलं. पेशींमध्ये हे घड्याळ कसं चालतं याच्या शोधासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

एवढं सांगून मी विचारलं, नाइटला सगळ्यात कठीण वेळ कोणती? “चार,” त्या लगेच म्हणाल्या. “तेव्हा थंडी वाजते. एसी कमी केला तरी वाजते. सगळ्या जणी स्वेटर घालतो.” शरीराचं तापमान दिवसरात्र सारखं नसतं, संध्याकाळी चढलेलं असतं आणि पहाटे चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात खाली येतं. इंग्रजी उताऱ्यात याला ‘ट्रफ’ म्हणतात, शिखराला ‘पीक’, मधल्या घसरणीला ‘डिप’. दुपारच्या जेवणानंतर येतो तो ‘पोस्ट-लंच डिप’, आपल्या वामकुक्षीची वेळ. ‘ट्रफ’ हा शब्द त्या आधी उच्चारातही चुकवत होत्या आणि अर्थातही. स्वेटरनंतर नाही.

असाच एक शब्द ‘सनडाउनिंग’. स्मृतिभ्रंशाचे म्हातारे पेशंट दुपार कलली की बेचैन होतात, घरी जायचं म्हणतात, हाताची सुई ओढतात. सिस्टर म्हणाल्या, “तिन्हीसांजेला आजी बिथरतात, ते ना? आम्ही सहाच्या आधी त्यांच्या खोलीतले सगळे दिवे लावून ठेवतो.” मी एवढंच सांगितलं, की रोलप्लेमध्ये नातेवाइकांशी बोलताना ‘सनडाउनिंग’ म्हटलंत तर लगेच पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ साध्या शब्दांत सांगा. जड शब्द वापरून तो समजावून न सांगणं हेही बोलण्याच्या गुणांत धरलं जातं.

निकाल, आणि नंतरचं

पुढच्या प्रयत्नात सिस्टरना बोलण्यात ‘बी’ मिळाला. त्याचं श्रेय झोपेच्या रेघेला द्यायला मी तयार नाही. परीक्षेत त्यांना झोपेचं कार्ड आलंच नव्हतं, आणि दहा-वीस गुणांची हालचाल दिवस चांगला गेला तरी होते. मला जे दिसलं ते सरावात दिसलं. आधी त्या कार्डावरचे प्रश्न एकामागून एक विचारून टाकायच्या. रेघेनंतर पेशंटने एखादी वेळ सांगितली की ‘डू यू मीन दॅट्स व्हेन यू गो टू बेड, ऑर व्हेन यू अ‍ॅक्च्युअली फॉल अस्लीप?’ असं थांबून विचारायला लागल्या. दुखण्याच्या कार्डावर, जेवणाच्या कार्डावरसुद्धा तशीच फोड करायला लागल्या. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे आडवं पडलं की धाप लागणाऱ्या पेशंटच्या कार्डावर ‘डू यू स्लीप वेल?’ न विचारता ‘हाऊ मेनी पिलोज डू यू स्लीप ऑन?’ विचारलं, तेव्हा मी पेन खाली ठेवलं. उशा किती घेता हे त्या मराठीत रोज विचारतच होत्या.

एक गोष्ट अजून सुटत नाही: घाईत बोलताना ‘टू ओ’क्लॉक अ‍ॅट नाइट’ परत येतं. मी आता त्यावर वेळ घालवत नाही. अर्थ कळतो, पेशंटला इजा होत नाही. वेळ घालवायचा तो ‘स्लीप लेट’वर.

हल्ली त्या इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलात आहेत. तिथून व्हॉइस मेसेज येतात, त्यात मी न शिकवलेले शब्द असतात. दमून गेलेली स्टाफ नर्स टायर्ड म्हणत नाही, ‘नॅकर्ड’ म्हणते. झोपेला ‘किप’ म्हणतात: ‘डिड यू गेट एनी किप?’ आणि नाइटला असणं म्हणजे ‘बीइंग ऑन नाइट्स’. परवाच्या मेसेजमध्ये एका आजोबांचं बोलणं होतं. सकाळी विचारलं तर म्हणाले, “आय वॉज अप अँड डाउन ऑल नाइट.” सिस्टरना आधी वाटलं, मन खालीवर होतंय, उदास आहेत. पण त्या थांबल्या आणि विचारलं, “अप अँड डाउन टू द टॉयलेट? हाऊ मेनी टाइम्स?” आजोबा म्हणाले, “फोर ऑर फाइव्ह, लव्ह.” नोंदीत गेलं: रात्री लघवीला चार ते पाच वेळा, डॉक्टरांना कळवलं.